हुकमी एक्क्याला किती द्यायचे? एनएचएलच्या पगारमर्यादेत बसणारा हिशेब, पायरीपायरीने

उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या एनएचएलमध्ये, पैसेवाला मालक असून भागत नाही. २००४-०५ चा अख्खा हंगाम टाळेबंदीत गेला. त्यानंतर २००५-०६ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर सक्तीची मर्यादा आली. ती पहिल्या वर्षी ३.९ कोटी डॉलर होती आणि २०२५-२६ मध्ये ९.५५ कोटी डॉलर आहे. (या लेखातले सगळे कोटी-लाख डॉलरमधले आहेत.) बास्केटबॉलसारखा दंडात्मक कर भरून वर जाण्याची सोय इथे नाही. किमान मर्यादाही आहे, २०२५-२६ साठी ७.०६ कोटी. त्यामुळे अगदी हात आखडूनही चालत नाही.

आयपीएलच्या लिलावाची थैली आपल्याला ठाऊक आहे. १२० कोटी रुपयांतले २७ कोटी लखनऊने एकट्या ऋषभ पंतवर लावले, म्हणजे साडेबावीस टक्के. एनएचएलमध्ये हे नियमातच बसत नाही. करार ज्या वर्षी होतो त्या वर्षीच्या मर्यादेच्या २० टक्क्यांहून जास्त पगार कोणालाही देता येत नाही. शिवाय करार सात-आठ वर्षांचे असतात आणि मधे लिलाव नसतो. आज चुकलेला आकडा पुढचे जनरल मॅनेजर फेडत बसतात.

खालचा क्रम कोणत्याही संघाला लावून पाहता येतो. वही किंवा स्प्रेडशीट पुरे.

पायरी १ : आधी पाटी स्वच्छ मांडा

स्टारचा आकडा काढायच्या आधी मर्यादेतून काय काय आधीच गेले आहे ते लिहा. प्रत्येक खेळाडूपुढे यंदाचा पगार लिहू नका, 'कॅप हिट' लिहा. कराराची एकूण रक्कम, बोनस धरून, भागिले वर्षे म्हणजे कॅप हिट. खेळाडूच्या खात्यात या वर्षी १.५ कोटी जमा झाले आणि पाचव्या वर्षी ९० लाख, तरी पाटीवर दोन्ही वर्षी सरासरीच लागते. नवख्या वाचकाची सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

मग मेलेला पैसा लिहा: करार मोडून घरी पाठवलेल्या खेळाडूंचे हप्ते, दुसऱ्या संघाला देताना आपल्या माथी ठेवलेला पगार, गेल्या हंगामातून पुढे आलेला बोनस. हा शेवटचा रकाना विसरला जातो. नवोदितांना कामगिरीनुसार बोनस मिळतो आणि त्यापोटी मर्यादेच्या साडेसात टक्क्यांपर्यंत वर जाण्याची मुभा आहे. पण जेवढे वर गेलात तेवढे पुढच्या वर्षीच्या पाटीवर उतरते. शिकागो ब्लॅकहॉक्सने २०१० मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचा विजेतेपदाचा चषक, जिंकला तेव्हा जोनाथन टेव्झ आणि पॅट्रिक केन दोघेही नवोदितांच्या करारावर होते. त्यांचे बोनस पुढच्या हंगामात ४० लाखांहून जास्त ओझे घेऊन आले. डस्टिन बफलिन, अँड्र्यू लॅड आणि क्रिस व्हर्स्टीग यांना त्याच उन्हाळ्यात दुसरीकडे द्यावे लागले. चषक जिंकून देणारा गोलरक्षक अँटी निएमीही लवादाने ठरवलेला पगार न परवडल्याने सुटला.

पायरी २ : डॉलर पुसा, टक्के लिहा

या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा. स्टारची किंमत डॉलरमध्ये मोजली की तुलना फसते, कारण मर्यादा दरवर्षी हलते. कॅप हिटला करार ज्या हंगामात लागू होतो त्या हंगामाच्या मर्यादेने भागा.

कॉनर मॅकडेव्हिडने जुलै २०१७ मध्ये एडमंटनशी आठ वर्षांचा १० कोटींचा करार केला. वर्षाला १.२५ कोटी. करार लागू झाला २०१८-१९ मध्ये, तेव्हा मर्यादा ७.९५ कोटी होती. म्हणजे १५.७ टक्के. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने पुन्हा १.२५ कोटींवरच सही केली, दोन वर्षांसाठी, २०२६-२७ पासून. त्या हंगामाची मर्यादा १०.४ कोटी जाहीर झाली आहे. म्हणजे १२ टक्के. आकडा तोच, पण संघासाठी जवळजवळ चार टक्के मोकळे झाले. १०.४ कोटींत चार टक्के म्हणजे ४० लाखांच्या आसपास, एक चांगला बचावपटू.

आणखी काही करार याच मापाने पाहा:

- नेथन मॅकिनन, कोलोरॅडो: २०१६ मधला करार वर्षाला ६३ लाखांचा, तेव्हा ८.६ टक्के. २०२२ मध्ये कोलोरॅडोने चषक जिंकला तेव्हा ७.७ टक्के. पुढचा करार १.२६ कोटींचा, २०२३-२४ मध्ये १५.१ टक्के.
- ऑस्टन मॅथ्यूज, टोरांटो: १.३२५ कोटी, २०२४-२५ मध्ये १५.१ टक्के.
- लिऑन ड्रायसाइटल, एडमंटन: १.४ कोटी, २०२५-२६ मध्ये १४.७ टक्के.
- किरिल काप्रिझोव्ह, मिनेसोटा: १.७ कोटी, २०२६-२७ मध्ये १६.३ टक्के.

यावरून एक पट्टी हाती लागते. लीगमधल्या पहिल्या दहा-बारा खेळाडूंना १३ ते १६ टक्के, त्याखालच्या ओळीला ९ ते १२. काप्रिझोव्हचा १.७ कोटी ऐकून डोळे विस्फारतात, पण टक्क्यांत तो मॅकडेव्हिडच्या २०१७ च्या करारापेक्षा अर्ध्या-पाऊण टक्क्यानेच वर आहे.

मग करार संपेपर्यंतची प्रत्येक वर्षाची टक्केवारी काढा. जानेवारी २०२५ मध्ये लीग आणि खेळाडू संघटनेने पुढचे आकडे एकदम सांगून टाकले: ९.५५ कोटी, मग १०.४, मग २०२७-२८ साठी ११.३५ (पुढच्या दोन आकड्यांत थोडाफार फेर होऊ शकतो). ड्रायसाइटलचे १.४ कोटी तेव्हा १२.३ टक्क्यांवर येतील. मर्यादा चढती असताना लांब करार स्वस्त होत जातो.

पण हे गणित उलटही फिरते. मर्यादा लीगच्या उत्पन्नाला बांधलेली आहे, खेळाडूंचा वाटा ५० टक्के. कोविडमध्ये उत्पन्न आटले आणि मर्यादा २०१९-२० पासून तीन हंगाम ८.१५ कोटींवर गोठली. टोरांटोने त्याआधीच मॅथ्यूज, जॉन तवारेस, मिच मार्नर आणि विल्यम नायलँडर यांचे करार मर्यादा वाढत राहील या हिशेबाने केले होते. चौघांचे मिळून ४ कोटींहून जास्त, म्हणजे जवळजवळ निम्मी पाटी. ती तशीच निम्मी राहिली. म्हणून दोन रकाने ठेवा: जाहीर आकड्यांचा एक आणि मर्यादा दोन वर्षे जागची हलली नाही तर काय, याचा दुसरा. दुसऱ्या रकान्यातही संघ उभा राहत असेल तरच पुढे जा.

पायरी ३ : खेळाडूच्या हातात किती पत्ते आहेत?

नवोदिताचा पहिला करार १८ ते २१ वयात तीन वर्षांचा असतो आणि मूळ पगार दहा लाखांच्या आत बांधलेला असतो. ही तीन वर्षे संघासाठी सोने. १८-१९ वर्षांचा मुलगा हंगामात दहापेक्षा कमी एनएचएल सामने खेळला तर कराराचे वर्ष खर्ची पडत नाही, पुढे सरकते. म्हणून ऑक्टोबरअखेरीस नवव्या सामन्यानंतर मुलाला परत पाठवायचे की ठेवायचे, हा निर्णय बर्फावरच्या खेळाइतकाच पाटीवरचाही असतो.

पहिला करार संपला तरी २७ वर्षे किंवा सात हंगाम भरेपर्यंत तो पूर्ण मोकळा नसतो. दुसरा संघ त्याला लेखी प्रस्ताव देऊ शकतो, पण मूळ संघाला सात दिवसांत तेवढीच रक्कम देऊन त्याला राखता येते. राखले नाही तर रकमेनुसार ड्राफ्टमधल्या (नवे तरुण खेळाडू संघांनी आळीपाळीने निवडण्याच्या फेऱ्यांतल्या) निवडी भरपाई म्हणून मिळतात. बहुतेक संघ या वाटेला जात नाहीत, त्यामुळे सगळे निर्धास्त असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईसने एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्गला वर्षाला ४५.८ लाख आणि डिलन हॉलोवेला २२.९ लाखांचा प्रस्ताव दिला. एडमंटनची पाटी भरलेली होती. दोघेही गेले आणि बदल्यात दुसऱ्या व तिसऱ्या फेरीतली एकेक निवड आली. मोठ्या करारांच्या गडबडीत २०-४५ लाखांचे तरुण उघड्यावर ठेवू नका.

पायरी ४ : किती वर्षे, आणि पैसा कोणत्या रूपात?

आतापर्यंत स्वतःच्या खेळाडूला आठ आणि बाहेरच्याला सात वर्षे देता येत होती. लीग आणि खेळाडू संघटनेच्या, १६ सप्टेंबर २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या सामूहिक करारात हे सात आणि सहा झाले आहे.

मुदत ठरवताना शेवटच्या वर्षी खेळाडूचे वय काय असेल ते आधी लिहा. २४ व्या वर्षी आठ वर्षे दिली तर ३२ व्या वर्षी करार संपतो, उत्तम. २९ व्या वर्षी आठ दिली तर शेवटची तीन वर्षे तुम्ही जुन्या कामगिरीचे पैसे देत असता. आघाडीपटूचा वेग बहुधा तिशीच्या सुरुवातीला उतरू लागतो. ते मान्य करूनही करार करता येतो, फक्त त्या तीन वर्षांची टक्केवारी आधी बघा.

लांब मुदतीने सरासरी खाली ओढायची युक्ती पूर्वी टोकाला गेली होती. २०१० मध्ये न्यू जर्सीने इल्या कोव्हालचुकला १७ वर्षांचा १०.२ कोटींचा करार दिला. शेवटची काही वर्षे पगार जेमतेम साडेपाच लाख ठेवला होता, म्हणजे सरासरी पडावी आणि खेळाडूने त्याआधीच निवृत्त व्हावे. लवादाने करार रद्द केला. आता पहिल्या वर्षांत जास्त पैसे देणाऱ्या करारात कोणत्याही दोन लागोपाठच्या वर्षांतला फरक पहिल्या वर्षाच्या पगाराच्या २५ टक्क्यांच्या आत आणि सर्वांत कमी वर्ष सर्वांत जास्त वर्षाच्या ६० टक्क्यांपेक्षा वर असावे लागते. २०२६ च्या सामूहिक करारात हे आणखी आवळले आहे.

आता साइनिंग बोनस, म्हणजे सहीपोटी ठरलेली रक्कम. एजंट तो का मागतो? एक, दरवर्षी १ जुलैला एकरकमी मिळतो, संप-टाळेबंदी झाली तरी. दोन, करार मोडला तरी बोनसला कात्री लागत नाही. कॅप हिट बदलत नाही म्हणून मॅनेजर सहज देऊन बसतो. त्याची खरी किंमत आठव्या पायरीत दिसते. नव्या सामूहिक करारात बोनसवर एकूण रकमेच्या ६० टक्क्यांची मर्यादा येते आहे, आणि ते योग्यच आहे.

कराचाही विचार करा. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा, टेनेसी आणि वॉशिंग्टन या राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही. टोरांटो किंवा मॉन्ट्रियलमधल्या तेवढ्याच आकड्यापेक्षा हातात जास्त पडते. फायदा ऐकतो तेवढा मोठा नसतो, कारण बाहेरगावच्या सामन्यांवर तिथला कर लागतो. पण वाटाघाटीत दोन-पाच लाखांची ढील यातून मिळते.

पायरी ५ : मधली फळी शाबूत राहते का?

स्टारचा पैसा मालकाच्या खिशातून जात असला तरी पाटीवर तो तिसऱ्या फळीच्या ताटातून जातो. हे करून बघितल्याशिवाय पटत नाही, म्हणून करूनच बघू.

मर्यादा ९.५५ कोटी, संघ २३ जणांचा. दोन आघाडीपटू प्रत्येकी १.२५ कोटी, पहिला बचावपटू ९५ लाख, गोलरक्षक ८० लाख. झाले ४.२५ कोटी. उरले ५.३० कोटी आणि भरायच्या जागा १९. सरासरी २८ लाख. आता त्यातले पाच जण नवोदित किंवा किमान पगाराच्या जवळचे, ९-९ लाखांचे घ्या (किमान पगार २०२५-२६ मध्ये ७.७५ लाख, पुढच्या हंगामात ८.५). उरतात ४.८५ कोटी आणि १४ जागा, सरासरी साडेचौतीस लाख. एवढ्यात दुसरी फळी आणि दुसरी बचावजोडी नीट बांधता येते.

आता १.१ कोटींचा तिसरा आघाडीपटू घाला. १३ जागांना ३.७५ कोटी उरतात, सरासरी २९ लाखांच्या आत. एका माणसापायी तेरा जागांची पत पावणेसहा लाखांनी घसरली. दोन जणांना दुखापत झाली की ही घसरण लगेच जाणवते.

शिकागोचे २०१५ मध्ये हेच झाले. टेव्झ आणि केन यांचे नवे करार १.०५ कोटींचे होते आणि तेव्हाची मर्यादा ७.१४ कोटी. दोघांत २९ टक्के गेले. त्याच उन्हाळ्यात, चषक हातात असताना, ब्रँडन साड आणि पॅट्रिक शार्प सोडावे लागले.

आमच्या मते दोन स्टार मिळून २८ टक्क्यांच्या वर आणि वरचे चौघे मिळून ४५ टक्क्यांच्या वर जाऊ लागले, की थांबून स्वस्त मुलांची यादी पुन्हा तपासावी. तशी मुले नसतील तर चौथा स्टार परवडत नाही.

घरातली उतरंडही बघा. फ्लोरिडा पँथर्सने २०२४ आणि २०२५ चे चषक जिंकले, तेव्हा कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्ह १ कोटीवर होता आणि त्याच्या वर कोणीच नव्हते. कर्णधाराचा आकडा छताचे काम करतो. हे छत एकदा फुटले की पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत एजंट तोच नवा आकडा टेबलावर ठेवतो.

पायरी ६ : कलमे मोजून द्या

बदलीवर बंदी घालणारे कलम म्हणजे पैशाऐवजी दिलेले चलन. द्यायला हरकत नाही, पण आठही वर्षे पूर्ण बंदी देऊ नका. पहिली चार-पाच वर्षे पूर्ण, नंतर खेळाडूने दहा-पंधरा संघांची यादी द्यायची, असा उतार ठेवा. कनिष्ठ लीगमध्ये पाठवण्यावरही बंदी असेल तर ती उतारानंतर गळून पडते ना, हे करारात शब्दशः वाचा.

पायरी ७ : सही कधी?

कराराच्या शेवटच्या वर्षाच्या १ जुलैपासून मुदतवाढीवर सही करता येते. ती दारे उघडताच बोलणी सुरू करा आणि हंगाम सुरू होण्याआधी उत्तर घ्या. ड्रायसाइटलचे सप्टेंबर २०२४ मध्ये झाले, काप्रिझोव्हचे ३० सप्टेंबर २०२५ ला.

उत्तर येत नसेल तर? कोलोरॅडोचे आणि मिको रँटनेनचे आकडे जुळले नाहीत, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी त्याला कॅरोलायनाला दिले. तिथेही सही झाली नाही, मार्चमध्ये तो डॅलसला गेला आणि तिथे वर्षाला १.२ कोटींवर आठ वर्षे थांबला. चाहत्यांना असा निर्णय झोंबतो. तरी बदल्यात काही मिळणे हे १ जुलैला रिकाम्या हाताने बसण्यापेक्षा बरे.

पायरी ८ : चुकले तर बाहेर कसे पडायचे

सही करण्याआधीच ही पायरी कागदावर सोडवा.

करार मोडणे, म्हणजे बायआउट: २६ किंवा जास्त वयाच्या खेळाडूला उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश, त्याहून लहानाला एक तृतीयांश, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात द्यायचे. समजा तीन वर्षे उरली, वर्षाला ६० लाख, सगळा साधा पगार. एकूण १.८ कोटी, त्याचे दोन तृतीयांश १.२ कोटी, सहा वर्षांत वर्षाला २० लाख. पाटीवर ६० ऐवजी २०. आता तेच ६० लाख ५० लाख बोनस आणि १० लाख पगार असे असतील, तर कात्री फक्त १० लाखांवर चालते. पहिली तीन वर्षे पाटीवर ५३ लाख राहतात. बोनसची खरी किंमत ती हीच.

मिनेसोटाने २०१२ मध्ये झॅक परिझे आणि रायन सूटर यांना प्रत्येकी १३ वर्षांचे ९.८ कोटी दिले. जुलै २०२१ मध्ये दोघांचे करार मोडले. दंड पहिल्या वर्षी ४७ लाख, मग १.२७ कोटी, मग दोन हंगाम १.४७ कोटी. त्या काळात संघ सहा-सात चांगल्या खेळाडूंऐवजी स्वस्तातली मुले खेळवत होता. २०२५-२६ पासून ओझे १७ लाखांवर उतरले, आणि काप्रिझोव्हची सही त्याच हंगामाच्या तोंडावर झाली.

पगार अंगावर ठेवून बदली: ५० टक्क्यांपर्यंत ठेवता येतो, एका वेळी तीनच करार, आणि सगळे मिळून मर्यादेच्या १५ टक्क्यांच्या आत. मधल्या तिसऱ्या संघामार्फत पुन्हा निम्मा करून घेण्याची पळवाट होती. आता दुसऱ्यांदा ठेवायला ७५ दिवस थांबावे लागते, त्यामुळे ऐन शेवटच्या तारखेची ती खेळी संपली.

कनिष्ठ लीगमध्ये पाठवणे: पाटीवरून फक्त किमान पगार अधिक पावणेचार लाख कमी होतात, २०२५-२६ मध्ये ११.५ लाख. ५० लाखांचा खेळाडू खाली पाठवला तरी ३८.५ लाख वरच राहतात.

लांबल्या दुखापतीची सवलत: जखमी खेळाडूच्या आकड्याएवढे वर जाता यायचे, आणि प्लेऑफमध्ये मर्यादाच नव्हती. टँपा बेने २०२०-२१ मध्ये निकिता कुचेरोव्हला पूर्ण साखळी हंगाम या यादीत ठेवले. तो प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात उतरला आणि चषक जिंकून गेला. नियमाबाहेर काही नव्हते. २०२५-२६ पासून दोन्ही दारे बंद झाली. खेळाडू त्याच हंगामात परतणार असेल तर सवलत आदल्या वर्षीच्या सरासरी पगारापुरतीच, म्हणजे सुमारे ३८ लाख. आणि प्लेऑफमध्ये त्या रात्री उतरणारे २० जण मर्यादेत बसायला हवेत. कुचेरोव्हचे उदाहरण देऊन कोणी १ कोटी मोकळे करण्याचा सल्ला देत असेल तर तो जुना झाला.

पायरी ९ : हंगामात रोज मोजा

पाटी दिवसागणिक चालते. हंगाम साधारण १९० दिवसांचा. पहिल्या दिवसापासून १० लाख मोकळे ठेवले आणि मार्चमधल्या बदलीच्या शेवटच्या तारखेला ४० दिवस उरले असतील, तर १० गुणिले १९० भागिले ४०, म्हणजे ४७.५ लाखांचा खेळाडू घेता येतो. पण दुखापतीच्या सवलतीवर चालणाऱ्या संघाची ही बचत साठत नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये स्टारच्या करारातले शेवटचे पाच-दहा लाख ओढून धरणारा मॅनेजर मार्चमध्ये दुसऱ्या फळीचा माणूस आणतो, आणि ते सोडून देणारा तेव्हा किमान पगाराचा शोधत असतो. पाटीवर हा रकाना रोज सकाळी भरा: उरलेले दिवस, मोकळी रक्कम, आणि आज बदली केली तर परवडणारा कॅप हिट.